चालत आणलेलं रक्त

बिरवाडीहून महाडला एसटी अर्ध्या तासात यायची. आमचे सर तेवढंच अंतर तीन तासांत चालत यायचे. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली एक लाकडी पेटी, नजर समोरच्या दहा पावलांवर, आणि चाल अशी की डोक्यावर दोन हंडे घेतलेल्या बाईनं पाहून शिकावी. मागून एखादा ओळखीचा ट्रकवाला हॉर्न देऊन थांबायचा. "या सर, बसा. महाडलाच चाललोय." सर मान न वळवता म्हणायचे, "मी बसेन रे. हे बसणार नाहीत." हे म्हणजे पेटीत, भाताच्या तुसात उभ्या रोवलेल्या रक्ताच्या नळ्या. ट्रकवाला कपाळाला हात लावून निघून जायचा.

महाडात त्यांना तोंडावर 'रगतवाले' म्हणत आणि पाठीमागे 'रगतखुळे'. त्यांच्याकडे मी सात वर्षं नोकरी केली, आणि सुरुवातीला घरी दादाशी बोलताना मीही रगतखुळेच म्हणायचे. आता म्हणत नाही. का म्हणत नाही ते कधीतरी कुणाला तरी सांगायला हवं होतं, ते आज सांगते आहे.

तळ्याकडच्या गल्लीत एका टेलरच्या दुकानाला लागून त्यांची लॅब होती. लॅब म्हणजे पुढं एक बाक, मागं एक खोली. सर डॉक्टर नव्हते. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात टेक्निशियन म्हणून आयुष्य काढून गावाकडं परतले होते. गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, कुडपणच्या वाटेवर. मी बिरवाडीच्या बुद्धवाडीतली, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि दोन वर्षं अर्ज पाठवून दमलेली. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझी सर्टिफिकेटं बघितलीच नाहीत. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला हातात दिला. "गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये."

गेले, आले.

"सांडलं?"

"थोडं सांडलं."

"थोडं म्हणजे किती?"

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. "जाताना दोन थेंब. येताना सायकल आडवी आली तेव्हा जरा जास्त."

"उद्यापासून ये," ते म्हणाले. "पाणी सगळ्यांचंच सांडतं. सांगत कुणी नाही."

लॅब चालायची ती साखर आणि लघवीवर. बाजारपेठेतले व्यापारी बाटल्या घेऊन यायचे आणि सर त्यांना सरळ सांगायचे, "ठेवा तिथं. तुमची साखर उद्यापर्यंत कुठं पळत नाही." त्यांचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच कामात. बिरवाडीच्या पलीकडं तेव्हा गारगोटी दळायची एक गिरणी होती. पांढऱ्याशुभ्र दगडाची मैद्यासारखी भुकटी करून ती पोत्यांतून मुंबईकडं जायची, काचेसाठी म्हणा, भांडी घासायच्या पावडरीसाठी म्हणा. चक्कीवर बरेचसे गडी पोलादपूरच्या डोंगरातले, बिरवाडीत खोली घेऊन राहणारे. पाळी सुटली की भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, आणि तोंड पुसलं की आतून पंचविशीतला पोरगा निघायचा. तीन-चार वर्षांत खोकला लागायचा. मग डॉक्टर टीबीची इंजेक्शनं सुरू करायचे. ती संपली तरी खोकला तसाच राहायचा, मग गडी गावी जायचा आणि गावाहून एक दिवस त्याच्या जागी त्याचा भाऊ कामाला यायचा.

एक्स-रेत दगड दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, असं सरांचं म्हणणं. रक्तात एक एन्झाइम असतं, ते त्याआधी वाढतं. मुंबईच्या लॅबमध्ये दगडफोड्यांची रक्तं तपासताना त्यांनी ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. गड्यांना ते महाडच्या भाषेत समजवायचे. "सावित्रीला पूर आला की घरं पडतात. घर पडलं की आतली भांडी रस्त्यावर येतात. नेहमी रस्त्यावर एखाददुसरं भांडं दिसणारच. पण ढिगानं दिसायला लागली तर समजायचं, कुठंतरी घरं पडतायत. मी तुझ्या रस्त्यावरची भांडी मोजतो. पडतंय ते घर छातीतलं."

आणि म्हणून ते चालत यायचे. कारण रक्ताच्या तांबड्या पेशी हीसुद्धा घरंच, आणि त्यांतही तीच भांडी भरलेली. एसटीच्या धक्क्यांनी त्या फुटल्या की आकडा वाढणार. मग भांडी छातीतली की बसमध्ये फुटलेल्या रक्तातली, हे देवालाही सांगता यायचं नाही. "रक्त म्हणजे म्हातारं माणूस," ते म्हणायचे. "धक्का लागला की बडबड सुरू. मग त्यातलं खरं किती, ते कळत नाही." गिरणीवाले आत घेत नसत, म्हणून रविवारी चहाच्या टपरीमागं, आंब्याखाली ते रक्त काढायचे. सुई कोरडी, काचेची पिचकारी कोरडी, नळी उन्हात वाळवलेली. पिचकारीतलं रक्त नळीच्या कडेनं हळू सोडायचं. मी एकदा घाईनं सोडलं तर माझ्या हातावर चापट बसली. "ओतू नको गं. उतरव."

लॅबमध्ये आल्यावर नळ्या यंत्रात फिरवायच्या. रक्त खाली बसायचं आणि वर पाण्यासारखा थर राहायचा. तो पिवळा असेल तर रक्त शाबूत. गुलाबी असेल तर पेशी फुटल्या, नळी मोरीत. खिडकीशी एकेक नळी धरून रंग बघायचा, हा त्यांचा रिवाज. पण मी तिथं गेले तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनला ते तयार नव्हते. महिनाभर काम बंद राहील म्हणायचे. पिवळा आणि फिकट गुलाबी त्यांना सारखाच दिसायचा. म्हणून ते नळी माझ्यापुढं धरायचे आणि विचारायचे, "रंग?"

"पिवळा, सर."

"रंग?"

"गुलाबी आहे जरासा."

"ओत."

तीन तास चालत आणलेलं ते रक्त मी मोरीत ओतायचे. पुढच्या रविवारी सर पुन्हा त्या माणसापुढं हात पसरून उभे राहायचे. "दे रे बाबा, परत एकदा दे."

त्यांचे वडील पाथरवट होते, हे मला दोन वर्षांनी कळलं. जाती, पाटे, वरवंटे घडवायचे. छाती भरली तेव्हा गावानं क्षय म्हटलं. "आईनं बापाचं ताट वेगळं केलं," सर एकदा कलरीमीटर, म्हणजे आकडा मोजायचं यंत्र, पुसता पुसता म्हणाले. "पेला वेगळा, घोंगडी वेगळी, निजायला गोठा. मी लांबूनच ताट सरकवायचो. शेवटची दोन वर्षं बापाला माणसाचा हात लागला नाही. आणि गरज नव्हती गं. दगड कधी एकाच्या छातीतनं दुसऱ्याच्या छातीत उडी मारतो का?"

माझा दादा त्या चक्कीवर होता. मी अकरावीत असताना आमचे वडील वारले तेव्हा त्यानं शिक्षण सोडून गिरणी धरली आणि मला कॉलेजात घातलं. त्याच्याच जिवावर मी बी.एस्सी. झाले. सरांच्या वहीत चक्कीवरच्या बत्तीस जणांची नावं होती आणि त्यांत एक त्याचं. सरांनी आकड्यांच्या मध्ये लाल पेन्सिलीनं एक रेघ मारलेली होती. ज्याचा आकडा रेघेच्या वर गेला, त्याचं नाव ते गिरणीच्या सुपरवायझरच्या कानावर घालायचे, आणि तो भला माणूस मालकाला न विचारता त्या गड्याला चक्कीवरून काढून बाहेर पोती शिवायला बसवायचा. असे सहा जण बाहेर आले होते.

दादा खोकायचा. जिना चढताना मधल्या पायरीवर उभा राहून छपराकडं बघायचा, जणू कौलं मोजतोय. पण त्याचा आकडा काही रेघ ओलांडेना.

"काय गो, माझं रगत काय बोलतंय?" तो विचारायचा.

"काही बोलत नाही."

"मग बरा हाय मी. तू उगा तोंड पाडून बसू नको."

"चक्की सोड ना, दादा."

"सोडून काय करू? तुझ्या सरांसारखा पेटी घेऊन हिंडू?"

सरांचे गुडघे धरायला लागल्यावर बिरवाडीची पेटी मी आणायला लागले. एका रविवारी आंब्याखाली नऊ जणांचं रक्त घेतलं, त्यांत दादाचंही. आदल्या रात्री खोकताना त्याच्या रुमालाला तांबडं लागलं होतं. त्यानं तो घाईनं खिशात कोंबला ते मी पाहिलं होतं. रस्त्यानं चालत मी अर्ध्यावर आले. ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर पेटी ठेवली, दादाची नळी तुसातून काढली आणि तान्ह्या पोराचा खुळखुळा हलवतात तशी हलवली. पुन्हा हलवली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मग ती जागेवर रोवून मी नेहमीसारखी, दहा पावलांवर नजर ठेवून, सावकाश चालत महाडला आले.

"रंग?" सरांनी विचारलं.

"पिवळा, सर."

आकडा रेघेच्या पार वर गेला. अख्ख्या वहीत तो सगळ्यात मोठा. सरांनी लाल पेन्सिलीनं दादाच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उद्याच त्याला बाहेर बसवतो बघ." दादा बाहेर बसला. त्या रात्री मी शांत झोपले, हे मला कबूल केलंच पाहिजे.

मला ठाऊक नव्हतं ते हे, की सरांनी तीन वर्षांची वही एका सरकारी इन्स्पेक्टरकडं दिली होती. बत्तीस माणसांचे चढत जाणारे आकडे पाहून तो खरंच गिरणीत यायला तयार झाला. मागणी साधी होती. चक्कीवर पाण्याचा फवारा बसवा, आणि रेघ ओलांडलेल्याला हक्कानं बाहेरचं काम द्या. महिन्याभरात गिरणीच्या ऑफिसात सगळे जमले. मालकांनी मुंबईहून एक डॉक्टर आणला होता. फार मवाळ माणूस, सरांना खुर्ची पुढं करणारा. त्यानं वही चाळली आणि विचारलं, "तुमचा सगळ्यात मोठा आकडा कुणाचा?"

दादाला बोलावलं. सगळ्यांच्या देखत रक्त काढलं, निम्मं मुंबईला गेलं, निम्मं सरांनी आणलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मोजलं. पुन्हा मोजलं. यंत्र पुसून तिसऱ्यांदा मोजलं. आकडा रेघेच्या खाली, दादाचा नेहमीचा.

ते माझ्याकडं वळले. "मागच्या वेळी ह्याच्या नळीचा रंग कसा होता?"

तेव्हा सांगता आलं असतं. एक नळी खराब होती, बाकीची वही खरी, असं ते सांगू शकले असते. दुसऱ्या कुणाचंही रक्त घ्या म्हणाले असते आणि गिरणीवाल्यांना तोंड लपवायला जागा राहिली नसती. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं. तरी मी म्हणाले, "पिवळा होता, सर."

पहिलं खोटं मी दादासाठी बोलले. हे दुसरं माझ्यासाठी होतं.

दुसऱ्या बैठकीत त्या डॉक्टरनं जुन्या आणि नव्या आकड्याचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "महिन्याभरात याचं फुप्फुस बरं झालं का हो?" सर उभे राहिले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "त्या नळीतलं रक्त फुटलेलं होतं. मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"अस्सं," डॉक्टर हळूच म्हणाला. "मग बाकीच्या नळ्या तरी तुम्हाला कशा दिसल्या?"

माझी मदतनीस रंग बघते, एवढं एक वाक्य त्यांना पुरलं असतं. ते बोलले नाहीत. इन्स्पेक्टरनं वही मिटून परत दिली. आठवड्याच्या आत दादासकट सातही जण पुन्हा चक्कीवर गेले, आणि तो सुपरवायझर दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये साखरेची तीन रक्तं आली. मी ती फिरवून खिडकीशी नेली. सरांनी माझ्या हातातून नळी घेतली, दारात गेले आणि शेजारच्या टेलरना हाक मारली. "काका, जरा रंग सांगता का?"

साखरेला रंगाचं एवढं काही नसतं. टेलरकाका तोंडात टाचण्या धरून आले. धाग्याचा रंग जुळवणं हा त्यांचा धंदाच, त्यांनी मन लावून पाहिलं. "लिंबू हाय," म्हणाले.

"आणि ही?"

"ही जरा अबोलीकडं झुकतेय."

"ओत," सर मला म्हणाले.

त्यानंतर कधीच त्यांनी मला रंग विचारला नाही. रागावले नाहीत, काढून टाकलं नाही, शिकवायचं थांबवलं नाही. चहा आला की निम्मा माझ्या कपात ओतायचे, पूर्वीसारखा. फक्त प्रत्येक नळी घेऊन दारात जायचे. मी कितीदा घरातून ठरवून निघाले की आज सांगायचं. दारात 'काका' अशी हाक ऐकली की मी नळ्या धुवायला वळायचे.

दादा त्यानंतर अडीच वर्षं चक्कीवर टिकला. मग बिरवाडीच्या डॉक्टरनं त्याला टीबी ठरवला आणि वहिनीनं त्याचं ताट वेगळं केलं. मी तिच्याशी भांडले. "हा टीबी नाही वहिनी, दगड आहे."

"पोरं हायत घरात, वन्सं," ती म्हणाली. "आणि तुमच्या रगताच्या आकड्यांचं काय झालं ते सगळ्या गावानं बघितलंय. आता कुणाचं ऐकू मी?"

पितळी ताट आणि एक पेला कोपऱ्यात, फळकुटावर पालथा असायचा.

त्या हिवाळ्यात मी दादाचं रक्त काढलं आणि चालत महाडला आणलं. दोनदा थांबून पेटीतलं तूस सारखं केलं. इतकं जपून मी काहीच कधी नेलं नसेल. टेलरकाकांनी नळी उजेडाकडं धरली. "स्वच्छ. लिंबाच्या सालीगत." सरांनी मोजलं. आकडा माझ्या खोट्या आकड्यापेक्षाही मोठा होता.

"लिही," ते म्हणाले. ती वही त्या बैठकीपासून कुणी उघडलेली नव्हती. मी दादाच्या नावापुढं आकडा लिहिला आणि मग मला धीर धरवेना. त्या मोरीचा कठडा, ती नळी, सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

"तेव्हाही तो आजारीच होता," ते म्हणाले. "हे एन्झाइम काहींचं लवकर सांगतं, काहींचं उशिरा. काहींचं सांगतच नाही. इन्स्पेक्टरला मी हेही सांगणार होतो." पेन्सिल वहीत ठेवून त्यांनी ती मिटली. "तू एकाचा आकडा वाढवलास. एकतीस जणांचे पुसलेस."

मी रडायला लागले. दुपारच्या नळ्या तयार होत्या, त्या घेऊन सर दाराकडं गेले.

शिमग्याच्या आधी दादा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी वाडीच्या तोंडाशी कुणीतरी म्हणालं, "रगतवाले आले गो." ते महाडहून चालत आले होते. पेटी नव्हती, पण हात तसेच छातीशी, पेटी धरल्यासारखे. आत येऊन भिंतीला टेकून बसले. वहिनी पाणी घेऊन आली तसे म्हणाले, "ह्यात नको." कोपऱ्यातल्या फळकुटाकडं बोट केलं. "त्या पेल्यातून दे."

वहिनी घाबरली. "तो त्यांचा हाय."

"तोच दे."

तिनं हंड्यातून पेला भरून दिला. घरात वाडीतली माणसं बसली होती, दादाची पोरं दाराआडून बघत होती. सर घोट घोट करत तो सगळा पेला प्यायले. मग उठले, न्हाणीत जाऊन स्वतः विसळला आणि घरातल्या बाकीच्या पेल्यांच्या रांगेत मध्येच ठेवून दिला. वहिनीनं पदर तोंडात धरला. मला वाटत होतं, आपल्याकडं एकदा बघतील, काहीतरी बोलतील. त्यांनी दादाच्या पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घातल्या.

मी नाक्यापर्यंत त्यांच्या मागं गेले. ते चालतच महाडच्या रस्त्याला लागतील असं धरून मी थांबले होते. एसटी आली. सरांनी हात दाखवला, दांडी धरली आणि चढले. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं आश्चर्यानं विचारलं, "सर, आज गाडीनं?"

"आज हातात काही नाही," ते म्हणाले आणि खिडकीशी बसले. गाडी खड्ड्यांतून धक्के खात गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी नाक्यावर उभी होते.